दुखतं, असं लिहायचं

१२ फेब्रुवारी, सोमवार

नाही म्हणाले.

ओस्लोच्या भरपाई कार्यालयाचं पत्र सव्वाअकराच्या फेरीबोटीने आलं. पेटीतून काढलं, घरात आणलं, टेबलावर उपडं ठेवलं आणि आधी बटाटे उकडायला टाकले. म्हटलं बातमी वाईट असली तर निदान बटाटे तरी झालेले असतील. मग उघडलं. चार पानं. फ्लूच्या लशीमुळे माझा डावा खांदा गेला हे त्यांना पटत नाही. कारण एक — लस घेतल्यावर अकरा महिने मी दुखण्याची तक्रार केल्याची कुठेही नोंद नाही. कारण दोन — अर्जदाराचं वय शहात्तर, या वयात खांदे झिजतात.

झिजतात! पन्नास वर्षं दोर ओढला तो उजव्याने. डावा नुसता मदतीला. झिजायचाच तर कोणी आधी झिजायला हवं होतं?

बटाट्यांचं पाणी आटलं. पातेलं काळं झालं.

१३ फेब्रुवारी

पत्र पुन्हा वाचलं. तीनदा. मी चौदाव्या वर्षी शाळा सोडून बोटीवर गेलो, म्हणून लांब वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात हातून सुटते. पण शेवटच्या पानावर एक सोपं वाक्य आहे. तीन आठवड्यांत वरच्या मंडळाकडे दाद मागता येईल.

तीन आठवडे म्हणजे ४ मार्च. कॅलेंडरवर फुली मारली. मग वाटलं, हे आठवडे पत्र मिळाल्यापासून की पत्रावरच्या तारखेपासून? पत्रावर ७ तारीख आहे. ओस्लोला फोन केला. बाई म्हणाली, मिळाल्यापासून. तिचं नाव विचारायचं राहिलं. उद्या तिने ‘मी असं म्हणालेच नाही’ म्हटलं तर? उद्या पुन्हा फोन करून नाव विचारून घेतो.

हात छातीच्या खिशापर्यंत वर जातो. त्यापुढे कोणीतरी आत खिळा ठोकून ठेवलाय. ओहोटीला बोट धक्क्याच्या दहा पायऱ्या खाली असते, आणि लोखंडी शिडीला दोन हात लागतात. दोन हिवाळे झाले, बोट किनाऱ्यावर ताडपत्रीखाली आहे. मी तिच्याकडे बघत नाही. घरात यायला मागची वाट धरतो.

मला त्यांचे पैसे नकोत. नाही, हे खोटं झालं. पैसेही हवेत. पण आधी एक ओळ हवी. ‘हे तुला झालं, आणि आमच्या सुईने झालं.’ सही, शिक्का. एवढं तरी घेतल्याशिवाय मी सोडत नाही.

१५ फेब्रुवारी

दुकानात गेलो होतो. कॉफीच्या टेबलाशी नेहमीचे तिघे, आणि गल्ल्यावर ओडमुन. मी आत आलो तसे तिघे एकदम हवामानावर बोलायला लागले.

ओडमुन म्हणाला, “काय रे हिल्मार, आस्लाउगला तुरुंगात धाडतोयस म्हणे?”

“कोण म्हणालं?”

“सगळेच. ओस्लोचं पत्र आलं ना सोमवारी. चांगलं जाड होतं.”

“उजेडात धरून बघितलंस का?”

“जाड पाकिटातलं काही दिसत नाही उजेडात,” म्हणाला. म्हणजे धरलं होतं!

मग आपल्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, “माझे हे दोन्ही गेलेत. मी कोणाकडे मागू भरपाई? दुकानाच्या पायऱ्यांकडे?” तिघे हसले.

“माग की,” मी म्हणालो. “पायऱ्या तुझ्याच आहेत. लगेच मंजूर होईल.”

मग ते मला नाही, त्याला हसले. मी माशाच्या वड्या घेतल्या आणि निघालो. घरी आल्यावर कळलं की मी कॉफी आणायला गेलो होतो. आता परत जाणं शक्य नाही. शनिवारपर्यंत चहा.

आस्लाउगचं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही. ‘नर्स’ एवढंच लिहिलंय. एकतीस वर्षं ती या बेटावरची नर्स आहे. मोल्फ्रीदच्या शेवटच्या पाच आठवड्यांत रोज दोनदा घरी यायची, वादळातसुद्धा. हे मला ओडमुनने सांगायला नको. माझी बायको होती ती.

१९ फेब्रुवारी

वकीलबाईंचा फोन आला. हेगे, बोडोची. वय तिशीचं असावं. मी एकच गोष्ट दोनदा सांगतो तरी चिडत नाही. चांगली आहे, किंवा तासावर पैसे घेते.

तिने आरोग्य केंद्रातल्या माझ्या सगळ्या नोंदी मागवल्या आहेत. आमच्याकडे डॉक्टर पंधरा दिवसांसाठी येतो आणि जातो. डेन्मार्कचा, जर्मन, दोन स्वीडनचे. दर वेळी नवं तोंड.

हेगे वाचत होती. “नोव्हेंबर, रक्तदाबासाठी आले. कसं काय विचारल्यावर म्हणाले, काही वाईट नाही.”

“हो.”

“जानेवारी, कान साफ करायला. काही वाईट नाही. एप्रिल. या डॉक्टरांनी तर कोट घालताना बघून विचारलंय, हाताला काय झालं? तुम्ही म्हणालात, आहे की अजून जागेवर.”

“तो विनोद होता.”

“नोंदीत तो विनोद म्हणून आलेला नाही, हिल्मार. दुखत होतं ना तेव्हा?”

“रात्री झोप नव्हती.”

“मग सांगितलं का नाहीत?”

काय सांगू तिला! परक्या माणसाने ‘कसं काय’ विचारल्यावर खरं सांगत सुटायचं? माझ्या वडिलांची दोन बोटं जाळं ओढायच्या चाकात गेली. घरी आले आणि आईला म्हणाले, “हातमोजा शिवावा लागेल.” अशा घरात वाढलेला माणूस कान साफ करायला आलेल्या ठिकाणी खांद्याचं रडगाणं लावत नाही. हे मी हेगेला सांगितलं. मग म्हणाली, “वहीत लिहा. रोज. कुठे दुखतं, काय करता येत नाही. ‘दुखतं’ असं लिहायचं. थोडंसं नाही, बरं आहे नाही. दुखतं.”

२० फेब्रुवारी

दुखतं.

सदरा घालताना दुखतं. आधी डावा हात बाहीत घालायचा, मग बाकीचा माणूस. वरच्या फळीवरच्या ताटल्या मी खाली आणल्या आहेत, त्याला वर्ष होऊन गेलं. डाव्या कुशीवर झोपता येत नाही. लाकडं फोडता येत नाहीत. शिडी नाही. बोट नाही.

मोठ्याने वाचून बघितलं. आधी रेडिओ मोठा केला. वाचताना असं वाटलं की भर रस्त्यात पायजमा सुटला आहे.

२२ फेब्रुवारी

तुरीदचा फोन, ट्रॉम्सोहून. लेक आहे, पण बोलायला लागली की शाळेची हेडमास्तरीण होते.

“बाबा, सोडा ना आता. सगळं बेट बोलतंय. मला इथपर्यंत ऐकू येतं.”

“मग खिडकी लाव.”

“आईला शेवटी अंघोळ कोण घालत होतं?”

“आस्लाउग.”

“मग?”

“मग काय? अंघोळ घातली म्हणून खांदा मोडायची परवानगी मिळते?”

तिने फोन ठेवला. मला लगेच वाईट वाटलं. परत लावला तर तिचा फोन गुंतलेला. बहुतेक आस्लाउगशीच बोलत असेल. मग पुन्हा राग आला आणि बरं वाटलं.

२६ फेब्रुवारी

दक्षिणेतून एका माणसाचा फोन. आवाज साखरेसारखा. लशींविरुद्ध त्यांची काही संघटना आहे. माझ्याबद्दल कुठूनतरी ऐकलंय. सभेत येऊन चार शब्द बोलाल का, येण्याजाण्याचा खर्च आमचा.

मी म्हणालो, “मी गेल्या ऑक्टोबरातही फ्लूची लस घेतली. फेरीबोटीने पलीकडे जाऊन. उजव्या हातात.”

मग म्हणाला, “पण का?”

“फ्लू होऊ नये म्हणून.”

“इतकं सगळं होऊनही?”

“सुई चुकीच्या जागी गेली. बोट खडकावर चढली तर समुद्राला शिव्या देता का तुम्ही?”

“काही लोक देतात,” म्हणाला.

“ते शेतकरी असतील,” म्हणालो आणि ठेवला.

आज जेवण चांगलं गेलं. कॉड, कॉडचं काळीज, दोन बटाटे. मग चार वाजता वाटायला लागलं, त्याने माझं बोलणं टेप केलं असेल तर?

२८ फेब्रुवारी

दाद मागायचा अर्ज हेगे लिहिणार आहे, पण काय घडलं ते माझ्या शब्दांत हवं म्हणाली. “त्या दिवसाचं सगळं लिहा. लस कुठे घेतली, उभे होतात की बसलेले, काय बोलणं झालं. आणखी काही मला माहीत असायला हवं का?”

“नाही,” मी म्हणालो.

१ मार्च

आहे. आणखी एक गोष्ट आहे. इथे तरी लिहितो, इथे कोणी येत नाही.

तो परवाच्या वर्षीचा ऑक्टोबर. समाजमंदिराच्या सभागृहात लस होती. रांग दारापर्यंत. मी मोल्फ्रीदने विणलेला जाड स्वेटर घातला होता. धुऊन धुऊन आटलेला, बाही कोपरावर चढतच नाही. आस्लाउग म्हणाली, “काढ तो, हिल्मार.” पण आत बंडी होती. लोकरी, पिवळी पडलेली, काखेत भोक, आणि किती दिवसांची ते माझं मलाच माहीत. एकटा राहणारा माणूस. मागे बायका. ओडमुनची बायको तर माझ्या खांद्यालाच लागून उभी. मी म्हणालो, “इथूनच दे,” आणि गळ्याला धरून स्वेटर खाली ओढला. खांद्याचं टोक बाहेर काढून दिलं. ती म्हणाली, “असं नको.” मी म्हणालो, “अगं दे, लोक खोळंबलेत.”

आणि तिने दिली.

सुई वर गेली, सांध्यात. हेगेने मला चित्र पाठवलंय. जिथे टोचायचं असतं ती जागा चार बोटं खाली. ती जागा माझ्या स्वेटरच्या आत होती.

हे लिहिलं तर म्हणतील, तुझं तूच करून घेतलंस. नाही लिहिलं तर कोणाला कळणार? सभागृहातल्या बायकांना. म्हणजे सगळ्या बेटाला. पण ओस्लोत कोण विचारायला येतंय!

पण सुई कोणाच्या हातात होती? मी सोळा वर्षं बोटीचा कप्तान होतो. खलाशी म्हणाला ‘इथूनच वळव’, आणि मी वळवली, आणि खडक लागला, तर खलाशाला नाही विचारत कोणी.

असं मी स्वतःला सकाळपासून सांगतोय. दुपारपर्यंत पटत होतं.

३ मार्च, रविवार

आस्लाउग आली. बोलावली नव्हती. दारातल्या पायपुसण्यावर उभी राहिली, बूट काढले नाहीत. म्हणजे बसायचं नाही.

“माझं नाव लिहिलंयस?”

“नाही. नर्स लिहिलंय.”

“या बेटावर नर्स किती आहेत, हिल्मार?”

मी कॉफी विचारली. नको म्हणाली. वय एकसष्ट, पण त्या उजेडात माझ्याएवढी दिसत होती.

“स्वेटरचं लिहिलंस?”

“नाही.”

“का?”

“ते म्हणतील, माझीच चूक.”

“आणि नाही लिहिलंस तर ती माझ्या एकटीची.”

मला राग आला. खरं बोललेल्याचा येतो तसा. मी म्हणालो, “सुई तुझ्या हातात होती.”

तिने मान हलवली. “हो. होती.” आणि गेली. हातमोजे हातातच, घातलेसुद्धा नाहीत. बाहेर उणे नऊ.

दरवाजा लावला का ते मी दोनदा जाऊन बघितलं.

४ मार्च

सगळं लिहिलं. पेन्सिलीने, मग पेनने. स्वेटर, बंडी, काखेतलं भोक, “इथूनच दे”, “असं नको”, “लोक खोळंबलेत”. आणि खाली वहीतलं दुखणं. एकही ‘थोडंसं’ नाही. तीन पानं झाली. एवढं मी आयुष्यात एका बैठकीत लिहिलेलं नाही.

हेगेला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, “बंडीचं पाठवायलाच हवं का?”

“हवं.”

“हे तुमच्या विरुद्ध जाऊ शकतं, तुम्हाला समजतंय ना?”

“समजतंय. खोटं न बोलता मला मिळायला हवं.”

“आणि नाही मिळालं तर?”

“तर पुन्हा मागेन. खरं बोलून मागितलेलं पुन्हा मागायला लाज वाटत नाही.”

ती हसली बहुतेक. कागद तिला फॅक्सच्या मशीनवरून हवे होते. मशीन फक्त दुकानात आहे. ओडमुनने तिन्ही पानं एकेक करून घातली. डोळे कागदावर, तोंड बंद. दुसऱ्या पानावर त्याचा हात जरा थांबला. त्याच्या बायकोचा उल्लेख तिथे आहे.

“पोचलं,” म्हणाला. पैसे घेतले नाहीत. मी ठेवून आलो.

५ मार्च

पोचलं असं मशीन म्हणतं. पण वाचता येईल असं पोचलं का? हेगेला विचारलं. आलंय म्हणाली, कालच मंडळाकडे गेलंही. तिन्ही पानं? तिन्ही. सरळ? सरळ, हिल्मार.

१७ मे

राष्ट्रीय दिवस. मिरवणुकीत चाललो, झेंडा उजव्या हातात. ओडमुनने मागून हाक मारली, “डाव्यात धर की! ओस्लोवाल्यांना फोटो पाठवतो!” लोक हसले. मी वळून म्हणालो, “तू गुडघे टेकून दाखव, दोन्ही फोटो एकदमच पाठवू.”

आस्लाउग गाणाऱ्यांत होती. माझ्याकडे बघितलं नाही. मंडळाने तिचंही म्हणणं मागवलंय असं हेगे म्हणाली. काय लिहिलं असेल तिने?

११ जून

ट्रॉम्सो. मंडळाच्या तज्ज्ञ डॉक्टरपुढे हजेरी. तुरीद न्यायला आली होती, गाडीत फक्त रस्त्याबद्दल बोलली. पण माझ्या सदऱ्याचं वरचं बटण तिने लावून दिलं. बंडी नवी होती. दोन घेतल्या आहेत.

डॉक्टर लांबलचक माणूस. कोन मोजायची पट्टी घेऊन बसला. “हात बाजूने वर घ्या. जमेल तेवढा.”

जमेल तेवढा म्हणजे काय? दात आवळले तर कानापर्यंत नेईन. शहरातल्या डॉक्टरसमोर, धडधाकट, माझ्याहून तीस वर्षांनी लहान. हात आपोआप वर निघालाच होता. आयुष्यभर तो असाच वर गेलाय. खिशापाशी आला, खिळा लागला. आणि मी थांबवला.

“अजून?”

“नाही.”

“दुखतंय?”

कपाळाला घाम. “हो.”

“किती?”

“खूप,” मी म्हणालो.

त्याने लिहून घेतलं. बस, एवढंच. छत कोसळलं नाही. बाहेर तुरीद वाट बघत होती. “कसं झालं?” “दुखलं,” म्हणालो. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने मला वॅफल खाऊ घातलं, कॉफी पाजली, आणि आईच्या आजारपणाबद्दल कधी न बोललेलं बोललो आम्ही. ते इथे लिहीत नाही.

९ जुलै

ओडमुन मासे घेऊन आला. कॉड, साफ करून. का ते बोलला नाही. जाताना बोटीवरची ताडपत्री एका बाजूने सुटली होती ती बांधून गेला. खिडकीतून बघितलं. त्याला खाली बसायला बराच वेळ लागला.

३ सप्टेंबर

काही नाही. पेटीत फक्त जाहिराती.

१८ सप्टेंबर

पुन्हा नाही.

या वेळी सहा पानं. आता कारण बदललंय. खांद्याला इजा आहे हे मान्य. ती सुईमुळे झाली असण्याचा संभव मान्य. वयाचं नावही नाही. म्हणजे निम्मं जिंकलो! पण — ‘नर्सच्या लेखी म्हणण्यानुसार अर्जदाराला कपडा काढण्यास सांगण्यात आले होते. अर्जदाराने नकार देऊन टोचण्याची जागा स्वतः पुढे केली. अर्जदाराच्या कथनातही हेच नमूद आहे.’ म्हणून उपचारात कसूर नाही. भरपाई नाही.

तिचं लिहिणं सोबत जोडलंय. दोन ओळी. ‘मी त्याला स्वेटर काढायला सांगितले. त्याने ऐकले नाही.’

एकही शब्द खोटा नाही. मी शोधला.

१९ सप्टेंबर

हेगेशी तासभर बोललो. म्हणाली, आता फक्त कोर्ट उरलंय. सहा महिन्यांची मुदत. कठीण आहे, तुमचंच लिहिणं तुमच्याविरुद्ध उभं राहील. “तुम्ही थकला असाल तर मी समजू शकते.”

“थकलोय,” मी म्हणालो. “खांदा दुखतो. झोप नाही. भूक नाही. कोर्टाची तयारी करा.”

ओडमुनला सांगितलं. टेबलावरच्या तिघांसमोरच सांगितलं, मागून ऐकण्यापेक्षा. “कोर्टात जातोय.” कोणी विनोद केला नाही. एकाने खुर्ची सरकवून दिली. मी बसलो नाही. कॉफी मात्र आठवणीने घेतली.

तिने दोन ओळींत मला संपवलं. मी तीन पानं लिहिली, त्यात तिचं ‘असं नको’ पण लिहिलं. तिने माझं ‘लोक खोळंबलेत’ लिहिलं नाही. तिच्या वाट्याचं काहीच लिहिलं नाही. तुझ्या हातात सुई होती, आस्लाउग. हे मी न्यायाधीशासमोर उभा राहून म्हणणार आहे.

६ ऑक्टोबर, रविवार

आस्लाउग आली होती. जेमतेम तासाभरापूर्वी गेली. लगेच लिहून ठेवतो. नाहीतर उद्या मीच म्हणेन, असं झालंच नाही.

मी दारातच म्हणालो, “कोर्टात बोलू.”

“त्याआधी इथे बोलू,” म्हणाली आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन मोल्फ्रीदच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीत कोणी बसत नाही.

“मी जे लिहून दिलं ते खरं आहे.”

“माहीत आहे.”

“पण सगळं नाही.”

खिडकीत शिवणाची टोपली असते. मी आता बटणं स्वतः लावतो. त्यातली मोठी सुई तिने उचलली आणि आपल्या उजव्या हाताच्या बोटात, पहिल्या बोटाच्या टोकात दाबली. रक्ताचा थेंब आला. तिची पापणी हलली नाही. मग दुसऱ्या बोटात. मी म्हणालो, “अगं काय करतेस!”

“लागत नाही,” म्हणाली. “या तीन बोटांना काही लागत नाही. डाव्याचं पण तसंच. त्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून.”

कोणत्या वर्षीच्या ते मला विचारावं लागलं नाही.

ती सांगत होती आणि बोट रुमालाने दाबून धरत होती. लस देताना आधी दोन बोटांनी खांद्याचं हाड चाचपायचं असतं. त्याखाली जागा मोजायची. “स्वेटर असला तरी हाड सापडतं, हिल्मार. सापडायला हवं. न सापडलं तर द्यायची नाही. मी चाचपलं, मला काहीच लागलं नाही. तू म्हणालास, लोक खोळंबलेत. मी अंदाजाने दिली. त्या दिवशी सगळ्यांनाच अंदाजाने दिली. बाकीच्यांचं नशीब, दंड उघडे होते.”

“कोणाला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर मला थांबवलं असतं. मग केंद्र बंद. दुसरी कोण येतंय इथे राहायला? ओडमुनच्या बायकोचं इन्शुलिन, शाळेतली पोरं, कोणी बघायचं? म्हटलं, एवढा हिवाळा काढू. मग पुढचा.” मग म्हणाली, “मंडळाने मला पाठवलेल्या तुझ्या पानांत मी वाचलं. बंडी, भोक, सगळं. तू ते लिहिलंस, आणि मी दोन ओळी लिहिल्या.”

पहिल्यांदा मला काय वाटलं ते लिहितो. आनंद झाला. जिंकलो! वर्षभर जे म्हणत होतो ते तिच्याच तोंडून. हेगेला लगेच फोन करावा. मग तिच्या हाताकडे बघितलं. रुमाल लाल झाला होता आणि ती अजून तोच दाबत होती, कारण थांबलंय की नाही हे तिच्या बोटांना कळत नव्हतं.

“दुखतं का?” मी विचारलं.

“रात्री.”

मी कॉफी केली. तिने दोन्ही तळव्यांमध्ये कप धरला, बोटं न लावता. हल्ली ती अशीच कप धरते. मला वाटायचं थंडी वाजते.

जाताना म्हणाली, “मला हे लिहून मंडळाला द्यायचंय. सुरुवात कशी करायची ते सांग. तुला आता सवय आहे.”

मी म्हणालो, विचार करून सांगतो.

७ ऑक्टोबर

हेगेला फोन केला नाही. दोनदा उचलला आणि ठेवला.

तिचं नर्सपण जाईल. निवृत्तीला सहा वर्षं उरली आहेत तिच्या. केंद्र जाईल. ओडमुनची बायको रोज सकाळी सुईसाठी जाते, ती फेरीबोटीने पलीकडे जाणार का? आणि बदल्यात मला एक ओळ मिळेल, सही आणि शिक्का. ती मी भिंतीवर कुठे लावू?

पण दुखतं. हेही खरं आहे. दुखतं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

मंडळाला पत्र द्यायला आस्लाउग सकाळच्या फेरीबोटीने गेली. पत्र तिने माझी वाट न बघता स्वतःच लिहिलंय. दोन पानं, खाली पूर्ण नाव. मी धक्क्यावर गाठलं तिला. वर्षभर सगळं बेट मला जे सांगत होतं तेच मी तिला सांगितलं — सोडून दे.

तिने ऐकलं नाही.